जिन्याखालची बॅटरी आणि सडक्या अंड्यांचा वास

वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"आमच्या घरात जिन्याखाली लाकडी कपाट आहे. चार फूट उंच, तीन फूट रुंद, दोन फूट खोल. त्यात ८५० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी साडेचार वर्षांपासून आहे. कपाटाला लागूनच देवघर, तिथे आईचा दिवा सकाळ-संध्याकाळ असतो. महिनाभरापासून बॅटरीला हात लावला तर ती तापलेली लागते, आणि आठवड्यापासून कपाट उघडलं की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. पाणी फार पिते. पाच टोप्यांचे, पाण्याची पातळी दाखवणारे फ्लोट सारखे खाली जातात, एकाच टोपीचा वर राहतो. मिस्त्री म्हणतो, तेवढा एक सेल चांगला राहिलाय, बाकीच्यांत पाणी टाकत राहा. दुसरं, ट्रॅक्टरची बॅटरी उतरली की घरी आणून माजघरात रात्रभर चार्जिंगला लावतो. चार्जर जुना, ट्रान्सफॉर्मरवाला आहे. तिसरं, फवारणीचा पंप खाटेजवळच्या प्लगला लावून झोपतो. यातलं काय बंद करू आणि काय चालेल?"

नमस्कार.

बाकीचं नंतर वाचा, आधी इन्व्हर्टरचं चार्जिंग बंद करा. तेही एका क्रमाने. प्रथम देवघरातला दिवा, उदबत्ती, कोणाची बिडी, जे काही पेटतं असेल ते विझवा. मग कपाटाची दोन्ही दारं सताड उघडा, घराची दारं-खिडक्या उघडा, आणि पंधरा-वीस मिनिटं सगळे बाहेर अंगणात बसा. त्यानंतरच इन्व्हर्टरच्या समोरचं बटण बंद करा आणि मग त्याचा मेनचा स्विच. घाईने आधी एमसीबी पाडू नका. मेन गेलं की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, त्याच्या आतला रिले, म्हणजे आपोआप बदलणारा स्विच, टिक करून बॅकअपवर जातो, आणि ती टिक म्हणजे वायूने भरलेल्या कपाटातली ठिणगी असते. वास इतका तीव्र असेल की डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, तर कपाटाजवळ जाऊच नका. जाता जाता घराची दारं उघडी टाकून घरच्यांना बाहेर काढा आणि ११२ ला फोन करा.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. निरोगी बॅटरीतून तो येत नाही. बॅटरी खूप तापली आणि तरीही तिच्यात करंट ढकलला जात राहिला, की आतल्या सल्फेटपासून तो तयार होतो. हा वायू विषारी आहे आणि लबाडही आहे, कारण थोड्या वेळाने नाकाची वास घेण्याची ताकदच तो मारतो. "आता वास कमी झाला" याचा अर्थ वायू कमी झाला असा धरू नका.

चार्जिंग बंद केल्यावर तापलेली बॅटरी काही तास धुमसत राहते. लगेच हलवू नका, टर्मिनल सोडू नका. रात्रभर उघड्या दारांत थंड होऊ द्या. घरातली लाईट इन्व्हर्टरमधून जात असेल तर बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे बायपासचा स्विच असतो, तो फिरवला की मेनची लाईट सरळ मिळते. नसेल तर गावातल्या वायरमनकडून तात्पुरतं सरळ जोडून घ्या.

आता तुमच्या मिस्त्रीच्या निदानाबद्दल. ते नेमकं उलटं आहे. ज्या सेलचा फ्लोट वर राहतो, पाणी पीत नाही, तोच सेल गेलेला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक भरलेला सेल साधारण २.१ व्होल्टचा. वर्षानुवर्षं प्लेटांवरचं शिसं गळून तळाला गाळ बसतो. तो गाळ प्लेटांना टेकला किंवा मधला पडदा फाटला की तो सेल आतल्या आत शॉर्ट होतो. मेकॅनिक म्हणतात, सेल बसला. आता इन्व्हर्टर तर बॅटरी १४.४ व्होल्टला पोचायची वाट पाहत असतो. तिथे पोचली की तो करंट कमी करतो. पण सहाच्या जागी पाचच सेल काम करतायत म्हटल्यावर बॅटरी १३ - १३.५ च्या पुढे जातच नाही. इन्व्हर्टर बिचारा "अजून भरली नाही" असं समजून दहा-पंधरा अँपियर दिवसरात्र देत राहतो. पाच चांगल्या सेलांवर त्यामुळे प्रत्येकी २.६ - २.७ व्होल्ट येतात. २.४ च्या आसपासच पाणी फुटायला लागतं, म्हणजे ते पाचही जण उकळतात, पाणी उडवतात, तापतात. बसलेल्या सेलमध्ये करंट शॉर्टमधूनच निघून जातो, तिथे बुडबुडा नाही, म्हणून पाणीही जात नाही. उकळणाऱ्या पाच सेलांत पाणी टाकत राहणं म्हणजे आधणाखालचा जाळ तसाच ठेवून वरून पाणी ओतणं.

याची खात्री दोन गोष्टींनी होते. बॅटरी थंड झाल्यावर आणि दोन्ही टर्मिनल सोडून (आधी मायनस, मग प्लस) मल्टिमीटरने व्होल्टेज पाहा. नुसती उतरलेली पण धड बॅटरी ११.८ - १२ दाखवेल, भरलेली १२.६ - १२.८. तुमची १०.५ च्या आसपास दाखवत असेल तर एक सेल गेला, विषय संपला. दुसरी तपासणी ग्रॅव्हिटीची, म्हणजे अ‍ॅसिड किती घट्ट आहे याची. रबरी फुग्याचा हायड्रोमीटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतो. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत २७ अंश तापमानाला १.२४० च्या जवळ वाचन येतं, नळीवर ते १२४० असं लिहिलेलं असतं. सहा सेलांच्या वाचनांत ०.०३० पर्यंतचा फरक जुन्या बॅटरीत चालून जातो. ०.०५० च्या वर गेला तर तो सेल आजारी. तुमच्याकडे बहुधा पाच सेल १.२५० किंवा वर (पाणी उडून अ‍ॅसिड घट्ट झालेलं) आणि एक १.१०० - १.१५० असं चित्र दिसेल.

सहाही सेलांची ग्रॅव्हिटी सारखी आली, सहाही सारखं पाणी पीत असतील, तर मग बॅटरी नाही, इन्व्हर्टर दोषी. तेव्हा तो दुरुस्त करून आणल्यावर चार्जिंग चालू असताना टर्मिनलवर व्होल्टेज मोजा, खुल्या जागेत. १४.४ - १४.५ ला पोचून थोड्या तासांनी १३.५ - १३.८ वर उतरायला हवं. १५ च्या वर चढत असेल तर चार्जिंगचं सर्किट अजूनही बिघडलेलं आहे. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा स्विच असतो का तेही बघा. नवी बॅटरी बंद प्रकारची घेतली आणि स्विच ट्युब्युलरवरच राहिला, हा घोटाळा फार घरांत होतो. करंटचा स्विच असेल तर एएचच्या, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्याच्या, दहा टक्के ही मर्यादा, म्हणजे १५० ला १५ अँपियर. दहावर ठेवलं तरी बिघडत नाही.

हायड्रोमीटर हाताळताना साधा प्लास्टिकचा चष्मा आणि रबरी हातमोजे घाला. थेंब डोळ्यात गेला तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरून धुवा आणि तसंच डॉक्टरकडे जा. सोडा फक्त फरशीवर सांडलेल्या अ‍ॅसिडसाठी. डोळ्यात, अंगावर सोडा लावायचा नाही.

"एक सेल बदलून देतो, हजार-दीड हजारात" असं सांगणारे भेटतील. आमचं मत स्पष्ट आहे: नको. झाकण कापून परत चिकटवलेलं असतं, आणि साडेचार वर्षांच्या पाच सेलांत एक वेगळा सेल बसवला की उरलेले लवकरच एकेक करून मान टाकतात. तोवर चार्जिंगचं गणित बिघडलेलंच राहतं. ट्युब्युलर बॅटरीचं आयुष्य चार ते सहा वर्षं धरतात, तुमची तिचं काम करून गेली.

पण नवी बॅटरी आणून त्याच कपाटात ठेवू नका. वास हा बिघाडाचा. त्याहून मोठा धोका वास नसलेल्या वायूचा आहे.

बॅटरी भरत आली की चार्जिंगचा करंट पाणी फोडू लागतो, त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात. हे चांगल्या बॅटरीतही होतं, थोडं होणं गरजेचंही असतं, त्या बुडबुड्यांनी अ‍ॅसिड ढवळलं जातं. हायड्रोजनला ना रंग ना वास. आपल्याला सिलिंडरच्या गॅसची सवय: त्याला वास घातलेला असतो आणि तो जड असल्याने जमिनीलगत साठतो. हायड्रोजन हवेपेक्षा चौदापट हलका. तो वर जातो, आणि वर जायला वाट नसेल तर कपाटाच्या छताला, तुमच्या बाबतीत जिन्याच्या उतरत्या फळीच्या वरच्या कोपऱ्यात, दबा धरून बसतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्के झालं की ठिणगीने पेटतं. गॅसच्या शेगडीला लागते त्याच्या कितीतरी कमी ताकदीची ठिणगी त्याला पुरते. टेरिकॉटच्या साडीची चटचटसुद्धा.

तुमच्या कपाटाचं गणित मांडून पाहू. ४ × ३ × २ म्हणजे २४ घनफूट, साधारण ६८० लिटर हवा. त्याचे चार टक्के म्हणजे २७ लिटर. भरलेल्या बॅटरीत एक अँपियर तासभर ढकलला तर सहा सेल मिळून सुमारे २.७ लिटर हायड्रोजन निघतो. बॅटरी चांगली, इन्व्हर्टर चांगला, भरल्यानंतर अर्धा अँपियर जातोय असं धरलं तर तासाला सव्वा-दीड लिटर. कपाटाच्या फटींतून तेवढा निघून जातो. पण कंट्रोल बिघडून दहा अँपियर चालू राहिले, तर तासाला २७ लिटर. म्हणजे दारं घट्ट लागत असतील तर एका तासात कपाट पेटण्याजोगं होऊ शकतं. पाच सेल उकळत असतील तर फार तर सव्वा तास. इतके दिवस काही झालं नाही याचं श्रेय तुमच्या सुताराला, दारं त्याने घट्ट बसवली नाहीत म्हणून.

आणि ठिणगीला तिथे तोटा नाही. इन्व्हर्टरचा रिले लाईट गेल्यावर आणि आल्यावर दर वेळी उडतो. तो इन्व्हर्टर बॅटरीच्या डोक्यावरच्या फळीवर असेल तर नेमका हायड्रोजनच्या थरात. सैल टर्मिनल ठिणगी टाकतं. कपाटात बल्बचं बटण असेल तर तेही. शेजारी देवघर, मधल्या फटीतून दिवा. लाईट गेली असताना पाणी किती आहे ते काडी ओढून किंवा लायटर धरून बघणं ही तर सर्वांत वाईट सवय, टोपीतून तोंडावर अ‍ॅसिडसकट झाकण उडतं. टॉर्च लांबून लावून मग जवळ न्यायचा.

तर जागा कुठली? पहिली पसंती पडवीला किंवा मागच्या ओसरीला: छप्पर आहे, तीन बाजूंनी हवा आहे, पावसाची झड पोचत नाही. एकच अट, पश्चिमेचं ऊन नको. तुमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश होतात आणि बॅटरीचं आयुष्य दर दहा अंशांनी साधारण निम्मं होतं. उन्हाळ्यात व्होल्टेजही कमी लागतं. २७ अंशांना १४.४ बरोबर असेल तर ४२ अंशांना १४.१ पुरे. नवा इन्व्हर्टर घेणार असाल तर तापमान पाहून व्होल्टेज आपोआप कमी करणारा आहे का हे दुकानदाराला विचारा. विदर्भात हा प्रश्न पैसे वाचवतो.

पडवी नसेल तर हॉलचा खिडकीजवळचा मोकळा कोपरा. उघड्या खोलीत उघडी ट्रॉली चालते, कारण दहा बाय बाराच्या खोलीत हवाच तीस हजार लिटरच्या पुढे असते आणि ती बदलत राहते. झोपायची खोली नको, दारं-खिडक्या बंद करून झोपतो तीच वेळ बॅटरी भरण्याची. स्वयंपाकघर नको. देवघरापासून किमान दोन मीटर, शक्य असेल तर भिंतीआड.

आणि जिन्याखालचीच जागा वापरायची असेल तर? लाकडी दारं काढून जाळीची बसवा, पूर्ण उंचीची. हेच सगळ्यात सोपं. दारं बंदच हवी असतील तर दोन झरोके पाडा: एक खाली, जमिनीपासून वीतभर वर. दुसरा समोरच्या किंवा दुसऱ्या बाजूला, छताला भिडून. प्रत्येक १५ सेंमी × १० सेंमीचा, वर साधी जाळी. चांगल्या चालीच्या १५० एएच बॅटरीला हिशेबाने २५ चौरस सेंमीही पुरतात, दहा अँपियरचा बिघाड धरला तर ८४ लागतात. १५० पाडा, जाळीत धूळ बसते. वरचा झरोका छतापासून हातभर खाली पाडला तर वरची पोकळी तशीच भरलेली राहते, म्हणून भिडूनच. पंखा बसवायचा मोह झाला तर हवा बाहेर ओढणारा नको, हायड्रोजन त्याच्या मोटरमधून जातो. खालच्या झरोक्याला हवा आत ढकलणारा लावा. इन्व्हर्टर बॅटरीच्या वर नाही, बाजूला, किमान अर्धा मीटर लांब.

बॅटरी हलवताना इन्व्हर्टरही बरोबर हलवा. दोघांमधली वायर मीटर-सव्वा मीटरच्या वर वाढवू नका. ८५० व्हीएच्या पूर्ण लोडला त्या वायरीतून ७० अँपियरच्या आसपास जातात. लांब किंवा बारीक वायर तापते आणि बॅकअपही कमी मिळतो. प्लस टर्मिनलपाशी ८० ते १०० अँपियरचा फ्यूज घरगुती जोडणीत सहसा कोणी लावत नाही. तो लावून घ्या. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर तेवढाच आधार असतो. टर्मिनलला हात घालण्याआधी अंगठी, कडं, घड्याळ काढा. बायका पुसायला वाकतात तेव्हा मंगळसूत्र बॅटरीवर लोंबू देऊ नका, वर झाकण असू द्या. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण धातू दोन टर्मिनलांना टेकला की त्यातून शेकडो अँपियर जातात आणि सोनं क्षणात लाल होतं. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवा.

बॅटरीखाली प्लास्टिकचा ट्रे ठेवा. जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते, हा समज जुन्या पेट्यांच्या काळातला. आजच्या प्लास्टिकच्या पेटीला फरशीने काही होत नाही. फरशीला मात्र बॅटरीने होतं: शहाबादी आणि कडप्पा दोन्ही चुनखडीचे, अ‍ॅसिडचा थेंब पडला की फेस येऊन खड्डा पडतो.

ट्रॅक्टरच्या बॅटरीकडे वळू. माजघरात रात्रभर, आणि तेही ट्रान्सफॉर्मरवाल्या जुन्या चार्जरवर, हे आजपासून बंद. त्या चार्जरला बॅटरी भरली हे कळत नाही. काटा खाली येतो, पण व्होल्टेज १६ च्या वरही जाऊ शकतं आणि सकाळपर्यंत नुसता हायड्रोजन आणि अ‍ॅसिडची वाफ निघत राहते. चार्जिंग दिवसा, माणूस जागा असताना, पडवीत किंवा झाडाच्या सावलीत. गोठ्यात नको, तिथे कडबा असतो. चार्जर बॅटरीच्या वर ठेवायचा नाही, वायर पुरेल तितका लांब आणि कोरड्यात.

बॅटरी ट्रॅक्टरमधून काढताना आधी मायनस सोडा, बसवताना मायनस शेवटी. मायनस चेसिसला जोडलेला असतो, प्लस आधी सोडायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला की मोठी ठिणगी. चार्जरचे चिमटे लावताना रंगावर विसंबू नका, शेतात दुरुस्त झालेल्या वायरींचे रंग उलटेही असतात. बॅटरीवर कोरलेलं चिन्ह बघा. ट्रॅक्टरच्या बॅटरीत प्लसचा खांब जरा जाड असतो. चार्जर बंद असताना प्लसचा चिमटा, मग मायनसचा, मग बटण चालू. काढताना आधी बटण बंद, पाच मिनिटं थांबा, मग मायनस, मग प्लस. चालू चार्जरचा चिमटा ओढून काढला की ठिणगी नेमकी टोप्यांच्या वर पडते, आणि तेव्हाच तिथे वायू सगळ्यात जास्त असतो. बॅटरी फुटण्याच्या घरगुती अपघातांमागे हा एक ओढलेला चिमटा वारंवार असतो.

टोप्या उघड्या ठेवायच्या की बंद, यावर गावोगावी दोन पक्ष आहेत. टोपीची भोकं टाचणीने साफ करून टोप्या लावलेल्याच ठेवा, अ‍ॅसिडचे तुषार आत राहतात. भोकं बुजलेली असतील तर बंद टोपी धोक्याची.

करंट दहा टक्के हाच नियम: ८८ एएचला आठ-नऊ अँपियर, पाचवर केलं तर आणखी चांगलं, वेळ तेवढा जास्त. पूर्ण उतरलेली ८८ एएच बॅटरी आठ अँपियरवर साधारण चौदा तास घेते, कारण जेवढं काढलं त्याच्या सव्वापट परत घालावं लागतं. एका दिवसात पुरं झालं नाही तर संध्याकाळी बंद करा, सकाळी पुन्हा लावा, बॅटरीचं काही बिघडत नाही. सगळे सेल सारखे बुडबुडे देऊ लागले की तासातासाने ग्रॅव्हिटी बघा. लागोपाठ तीन वाचनं तीच आली की भरली, पुढचा प्रत्येक मिनिट पाणी उकळण्यात जातो. पेटीच्या बाजूला तळहात टेकवून धरवत नसेल तर थांबवा आणि निवू द्या. दोन-अडीच हजारांच्या आसपास स्वतः कमी होणारे, उलटी जोडणी ओळखणारे चार्जर मिळतात. वर्षातून चार वेळा बॅटरी उतरत असेल तर तो घ्या. त्याआधी ट्रॅक्टरचा डायनामो पुरता चार्ज करतोय का हेही बघून घ्या, वारंवार उतरणाऱ्या बॅटरीचं मूळ पुष्कळदा तिथेच असतं.

पाण्याचे नियम दोन्ही बॅटऱ्यांना सारखे. डिस्टिल्ड वॉटरच, आरओचं नाही, एसीचं गळणारंही नाही. चार्जिंग झाल्यावर भरायचं. आधी गळ्यापर्यंत भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी वाढून अ‍ॅसिड बाहेर येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, आणि त्या जेमतेम बुडतील इतकंच. ग्रॅव्हिटी कमी आली म्हणून अ‍ॅसिड ओतायचं नाही, ते प्लेटांत अडकलेलं असतं, चार्जिंगने परत येतं. टर्मिनलवर पांढरं-हिरवं फुललं तर लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, टोप्या घट्ट लावून, सोडा आत गेला तर सेल जातो. पुसून, आवळून, वर व्हॅसलीन.

फवारणी पंपाची बॅटरी छोटी आणि बंद प्रकारची, बहुतेक १२ व्होल्ट ८ एएच. ती वायू आतच जिरवते, म्हणून मोकळ्या खोलीत तिचा हायड्रोजन ही मोठी काळजी नाही. पण चार्जर बिघडला तर तिचा व्हॉल्व्ह उघडतो, बॅटरी तापते, फुगते आणि प्लास्टिक वितळतं. तुमच्या खाटेजवळ गादी-चादर असते. सोबतचा चार्जर १.७ अँपियरचा असेल तर रिकामी बॅटरी सहा-सात तासांत भरते, लाल दिवा हिरवा होतो. दहा तास होऊनही लालच असेल तर प्लग काढा. बॅटरी तरी गेली किंवा चार्जर. पेटीचा एखादा पृष्ठभाग फुगलेला दिसला तर ती पुन्हा लावायचीच नाही.

एक चूक जीवावर बेतणारी आहे. काही नव्या पंपांत लिथियमची बॅटरी येते, पिन मात्र तीच. तीन सेलांच्या लिथियमचा चार्जर १२.६ व्होल्टचा, शिशाच्या बॅटरीचा १४.४ च्या पुढचा. शिशाचा चार्जर लिथियमला लावला आणि आतलं संरक्षण चाललं नाही तर आग लागते. उलट केलं तर शिशाची बॅटरी कधीच भरत नाही आणि महिन्या-दोन महिन्यांत खराब होते. ८ एएचची शिशाची बॅटरी दोन-सव्वादोन किलोची असते, लिथियमची किलोच्या आत. शेजाऱ्याचा चार्जर मागून आणताना दोन्हींवरची लेबलं वाचा.

आणि बॅटरीचा प्रश्न नसता तरी पंप खाटेजवळ ठेवू नका असंच सांगितलं असतं. टाकीवर, पट्ट्यांवर, नळीवर औषध असतं. घराबाहेरच्या ओट्यावर प्लग घ्या, फरशीवर किंवा पत्र्यावर ठेवून दिवसा चार्ज करा. हंगाम संपल्यावर पूर्ण भरून ठेवा आणि दर दोन महिन्यांनी एकदा लावा, नाहीतर पुढच्या जूनमध्ये ती उठणार नाही.

राहिली जुनी १५० एएच. पन्नास-साठ किलोची आहे, दोघांनी उचला, सरळ उभी, तिरकी झाली तर टोप्यांतून अ‍ॅसिड पायावर येईल. टर्मिनलवर टेप लावा. भंगारवाल्याला देऊ नका, तो अ‍ॅसिड नालीत ओतून शिसं उघड्यावर वितळवतो आणि ती धूळ गावातल्याच मुलांच्या पोटात जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे बिलात वजा करतो. किती वजा केले ते बिलावर लिहून घ्या, आणि आतलं अ‍ॅसिडचं पाणी ओतून टाकून रिकामी करून आणा असं तो म्हणाला तर दुकान बदला.